मेन रोडच्या बोळातलं फ्रेमचं दुकान: सहीचे फोटो घ्यायला आणि मढवायला कसं आहे?

नाशिकच्या मेन रोडवरून आत वळणाऱ्या बोळात, देवादिकांच्या तसबिरींच्या गर्दीत, या दुकानाच्या एका भिंतीवर जुन्या नटनट्यांचे सहीचे फोटो टांगलेले दिसतील. ते विकायला आहेत, आणि तुमच्याकडचा फोटोही इथे मढवून मिळतो. दोन्ही कामांचा दर्जा मात्र सारखा नाही.

विक्रीत दुकानाची जमेची बाजू एकच, पण फार मोठी. मढवलेला फोटो घेण्याआधी ते पाठीचा कागद सोडवतात, खिळे काढतात आणि फोटो तुमच्या हातात देतात. हे जरूर मागा. काचेआडून सहीचा काहीच पत्ता लागत नाही. दहापट भिंग आणि नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च सोबत न्या, दुकानात दोन्ही नाहीत.

फोटो खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. खरी शाई फोटोच्या पृष्ठभागावर बसलेली असते, त्यामुळे तिची चकाकी बाजूच्या भागापेक्षा वेगळी दिसते. फाउंटन पेनाची शाई गुळगुळीत कागदात पटकन मुरत नाही. जिथे अक्षर संपतं, पेन उचललेलं असतं, तिथे ती साचून गडद ठिपका होतो. सहीची चकाकी चित्रासारखीच असेल तर ती फोटोसोबतच छापलेली आहे. पांढऱ्या सहीचंही असंच. निगेटिव्हवर गडद शाईने सही केली की प्रकाश अडतो आणि प्रिंटवर ती पांढरी उमटते. चाहत्यांच्या पत्रांना उत्तर म्हणून पाठवलेल्या फोटोंवर अशा छापील सह्या पुष्कळ असतात. फोटो म्हणून ते छानच आहेत, फक्त किंमत सहीची देऊ नका.

मग काळाचा हिशेब. दादासाहेब फाळके १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकातच गेले. बॉलपेन बाजारात रुळलं ते त्यानंतर. बॉलपेनने केलेली 'फाळक्यांची सही' कोणी दाखवली तर पुढे बोलायची गरज नाही. मधुबाला २३ फेब्रुवारी १९६९ ला गेल्या. फोटोची पाठ प्लास्टिकसारखी गुळगुळीत लागली, म्हणजे आरसी कागद (प्लास्टिकचा थर दिलेला फोटोचा कागद) असला, तर तो प्रिंट बहुधा त्यांच्यानंतरचा. यूव्ही टॉर्चखाली कागद निळसर-पांढरा चमकला तर १९४०च्या दशकातला म्हणून घेऊ नका, कारण तशी चमक देणारी द्रव्यं फोटोच्या कागदात १९५०च्या दशकात येऊ लागली. उलटं मात्र चालत नाही. कागद चमकला नाही म्हणून तो जुनाच, असं सिद्ध होत नाही. भिंगाखाली रंगीत ठिपके दिसले तर फोटो सरळ छापील आहे.

नटनट्यांच्या वतीने सेक्रेटरीने केलेल्या सह्या इथे सर्वांत त्रासदायक. शाई खरी, काळ बरोबर, हात दुसऱ्याचा. भिंग इथे कामाचं नाही. त्याच काळातल्या, तारीख असलेल्या दोनतीन सह्या शेजारी ठेवून अक्षरांची वळणं पाहावी लागतात. दुकानदार स्वतःच्या लेटरहेडवर 'सही अस्सल' असं लिहून देतात. त्याला फारसा अर्थ नाही. तो फोटो त्यांच्याकडे कुणाकडून आला, हे त्याच कागदावर लिहून मागा. तेवढं ते बहुतेक वेळा लिहून देतात.

मढवण्याचं काम मात्र मनापासून आवडण्यासारखं आहे. कोपऱ्यांचा ४५ अंशांचा काप इतका नीट बसतो की नखही आत जात नाही. पण साहित्य आणि पद्धत ठरवून द्यावी लागते. न सांगता सोडलंत तर फोटो पांढऱ्या डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवतात आणि वर काच थेट टेकवतात. पावसाळ्यात दमट हवेने फोटोचा जिलेटिनचा थर मऊ होतो आणि काचेला चिकटतो. मग काच काढताना चेहरा आणि सही दोन्ही सोलून निघतात. पाठीला लावलेल्या हार्डबोर्डातलं आम्ल हळूहळू कागद पिवळा करतं, ते वेगळंच.

म्हणून अॅसिडफ्री माउंटबोर्ड, म्हणजे आम्ल नसलेला जाड पुठ्ठा, स्वतः न्या. ८ बाय १० इंचाच्या फोटोला समोर खिडकी कापलेला एक आणि पाठीला एक, असे दोन तुकडे लागतात. फोटो कागदी कोपऱ्यांत अडकवायला सांगा. टेप नको, डिंक नको. खिडकीचा माउंट किमान दीड मिलिमीटर जाड असला म्हणजे काच फोटोपासून दूर राहते. काच यूव्ही रोखणारी घ्या, पण तिच्या भरवशावर फोटो उन्हात लावू नका, शाई तरीही विटतेच. कारागीर हे सगळं न कुरकुरता करतात, कोपरे कसे दुमडायचे ते एकदा दाखवलं की पुरे. गणपती आणि दिवाळीच्या आधी मात्र काम देऊ नका; तेव्हा तसबिरींची रांग असते आणि घाईत डिंक पुन्हा बाहेर येतो.

फ्रेम घरी आली की पाठीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या छोट्या गोळ्या लावा, म्हणजे मागून हवा खेळते. जुन्या वाड्याच्या पावसाळी भिंतीवर ती टांगू नका, आतल्या भिंतीवर जागा शोधा.