पॉइंट टू-टू की एअर रायफल? स्वतःची पहिली रायफल घेणाऱ्यासाठी

ऑगस्ट 2024 मध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून मारायचा प्रकार) कांस्यपदक घेतलं, तेव्हापासून क्लबात हा प्रश्न सारखा कानावर येतो. विचारणारा बहुतेक वेळा नवखा नसतो. क्लबच्या एअर रायफलवर त्याचा हात बसलेला असतो, स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची ढब, जमलेला असतो, घरून पैशांना होकार मिळालेला असतो. आता स्वतःची घ्यायची, तर पॉइंट टू-टूचा, म्हणजे 50 मीटरवर काडतूस मारणाऱ्या .22 बोअर रायफलीचा, परवाना काढावा की हवेच्या दाबानं छरा सोडणारी, दहा मीटरची चांगली मॅच (स्पर्धेची) एअर रायफल घ्यावी, एवढंच ठरायचं राहिलेलं असतं.

मी दोन्ही घेतल्या, दोन्ही वापरल्या, आणि आज घरात त्यातली एकच आहे. त्यामुळे पुढचं लिहिणं अगदी तटस्थ असेल असं म्हणत नाही. ज्याला राज्य किंवा राष्ट्रीय संघात जायचं आहे, त्यानं प्रशिक्षकाचं ऐकावं. हे नोकरी-धंदा सांभाळून मनापासून नेमबाजी करणाऱ्या माणसासाठी आहे.

आधी टू-टूचं जे श्रेय आहे ते तिला देतो, कारण ते मोठं आहे. पालथं पडून, पट्टा दंडावर आवळून, 50 मीटरवरच्या काळ्या ठिपक्याकडे पाहत गोळी सोडण्यात जो आनंद आहे, तो दहा मीटरच्या बंद हॉलमध्ये नाही. एअर रायफलच्या छऱ्याची ऊर्जा सात-आठ जूल, टू-टूच्या गोळीची साधारण 140. खांद्याला तो फरक फार जाणवत नाही, पण मनाला जाणवतो. बोल्ट मागे ओढला की रिकामं काडतूस टुणकन बाहेर पडतं, बारुदाचा हलका वास येतो, आणि मग वारा. पुण्यात बालेवाडीच्या रेंजवर सकाळी आठला पडलेली वाऱ्याची झेंडी साडेदहाला डावीकडे फडफडायला लागते, आणि मघापर्यंत दहा गुणांच्या ठिपक्यात बसणारी गोळी कसलीही चूक नसताना नवाच्या वर्तुळात जाते. वारा वाचायला शिकणं हा या खेळातला सर्वांत सुंदर भाग आहे, असं मला आजही वाटतं. एअर रायफल ते शिकवू शकत नाही.

परवान्याबद्दल लोक उगाच घाबरतात. अर्ज ऑनलाइन होतो, पोलीस ठाण्यातून पडताळणी होते, वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र लागतं, घरात ते सुरक्षित कुठे ठेवणार हे लिहून द्यावं लागतं. वेळ जातो, फेऱ्या होतात, पण क्लबचं पत्र आणि स्पर्धांची प्रमाणपत्रं सोबत असली की काम अडत नाही. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, ही सोयच झाली. त्याच दुरुस्तीनं माणशी शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला टार्गेटच्या सरावासाठी त्यात सूट आहे, पण घरात आजोबांची बारा बोअर आणि शेतीसंरक्षणाची बंदूक आधीच तुमच्या नावावर असेल, तर ही सूट टेबलापलीकडच्या माणसाला समजावून सांगायची तयारी ठेवा.

गोळ्यांचं मात्र जपून. चांगल्या मॅच गोळ्या परदेशातून येतात: एली, लापुआ, आरडब्ल्यूएस. प्रत्येक रायफलला एखादाच लॉट (एका वेळी बनलेल्या गोळ्यांचा संच) मानवतो. माझ्या रायफलला जो लॉट मानवला होता, तो संपल्यावर पुन्हा मिळाला नाही, आणि पुढच्या लॉटनं ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, उघडला तो पुन्हा पहिल्यासारखा आवळला नाही. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक गुण गाठलेल्या नेमबाजांना आयातीच्या सवलती आहेत. हौशी माणूस त्यात बसत नाही. त्याला मिळेल तो लॉट, मिळेल तेव्हा घ्यावा लागतो. परवान्यावर वर्षाला किती गोळ्या घ्यायच्या हेही लिहिलेलं असतं, त्यामुळे सरावाची प्रत्येक गोळी मोजून मारायची सवय लागते. काहींना ही शिस्त आवडते. मला सुरुवातीला आवडली होती.

इथपर्यंत माझा कल टू-टूकडेच होता. ते सगळं फिरलं निवडणुकांमुळे.

आचारसंहिता लागली की परवानाधारकांची शस्त्रं जमा करून घेतली जातात. नियमाप्रमाणे सरसकट नाही. जिल्ह्यात छाननी समिती असते, ती कोणाचं शस्त्र जमा करायचं हे ठरवते, आणि राष्ट्रीय रायफल संघटनेच्या ज्या खेळाडूंना स्पर्धेत उतरायचं असतं त्यांना वगळता येतं. अडचण आपल्यासारख्यांची होते. समोर स्पर्धेचं पत्र असेल तर सूट मागता येते, नसेल तर आपण इतर परवानाधारकांच्या यादीतलंच एक नाव. ठाण्यातून फोन येतो, अमुक तारखेपर्यंत आणून द्या. 2024 मध्ये लोकसभेची आचारसंहिता मार्चच्या मध्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत होती, आणि ऑक्टोबरमध्ये विधानसभेची लागली. शिवाय नगरपालिका, जिल्हा परिषदा असतातच. सरावाचे, चांगल्या उजेडाचे महिने नेमके त्यातच जातात.

तरीही रायफल हाताशी नसणं मी सहन केलं असतं. ती ज्या अवस्थेत परत येते, ते मला सहन झालं नाही.

जमा करायला गेलो की मी मागची डायऑप्टर साईट (बारीक भोकातून नेम धरायची), पट्टा आणि हँडस्टॉप (पुढचा हात अडवणारा ठोकळा) घरी काढून ठेवायचो, नळीत तेलाची चिंधी फिरवायचो आणि केससकट घेऊन जायचो. केस ठेवायला जागा नाही, म्हणून ती परत घरी. कारकून शांतपणे क्रमांक उतरवून घ्यायचे, जाड पुठ्ठ्याचा तुकडा सुतळीनं ट्रिगर गार्डला बांधायचे आणि पावती द्यायचे. माणसं सगळी सभ्य होती, एकानंही कधी वाकडा शब्द काढला नाही. पण मुद्देमालाची खोली म्हणजे एक छोटी खिडकी, ओल आलेली भिंत, आणि त्या भिंतीला टेकून रांगेत उभ्या बारा बोअर, ठासणीच्या बंदुका आणि त्यांच्यामध्ये माझी मॅच रायफल. एक बंदूक उचलली की शेजारच्या दोन सरकतात. त्या वर्षी परत आणायला जाईपर्यंत साताऱ्यात पाऊस धरला होता. घरी येऊन पुठ्ठा सोडला, तर सुतळीनं ओल धरून ठेवलेली, आणि तिच्याखाली ट्रिगर गार्डवर तांबूस गंजाची रेघ उठलेली. नळीच्या तोंडाशी बारीक ठिपके होते. दस्त्याचा गालपट्टीचा स्क्रू ढिला झाला होता. साईट पुन्हा बसवून झिरो करण्यात, म्हणजे नेम आणि गोळी जुळवून घेण्यात, ज्या गोळ्या गेल्या, त्या त्याच जपून ठेवलेल्या लॉटमधल्या.

हे ठाण्याचं काम वाईट होतं असं मला म्हणायचं नाही. ती खोली मॅच रायफलींसाठी बांधलेलीच नाही. पण ज्या वस्तूची आपण कापसासारखी काळजी घेतो, ती दर निवडणुकीला अशा खोलीत उभी करावी लागणार, हे एकदा कळल्यावर माझं मन तिच्यातून उतरायला लागलं. तुमच्या जिल्ह्यात व्यवस्था वेगळी असू शकते. आधी चौकशी करा: क्लबातल्या जुन्या परवानाधारकाला विचारा, गेल्या निवडणुकीत रायफल कुठे होती आणि कशी परत आली. त्या एका उत्तरावर तुमचा निर्णय झाला, तरी मला नवल वाटणार नाही. आणि जमा करायची वेळ आलीच, तर पावतीवर क्रमांकाबरोबर शस्त्राची स्थितीही लिहून घ्या. तेवढं लिहायला कोणी नाही म्हणत नाही.

एअर रायफलला हा फोन येत नाही. नळीचा आतला व्यास 4.5 मिलिमीटरपेक्षा मोठा नसेल आणि ऊर्जा 20 जूलच्या आत असेल, तर परवाना लागत नाही. दहा मीटरची मॅच रायफल त्या मर्यादेच्या खूप खाली आहे. दुकानदार ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा घेतो, ते योग्यच आहे. परवाना नाही म्हणून ती खेळणं ठरत नाही. कुलूपबंद ठेवा, पोरांच्या हाताला लागू देऊ नका, आणि शेतावर पक्ष्यांवर उगारायचा विचारही मनात आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यात ती शिकार आहे.

तिचा त्रास वेगळा आहे: हवा. आताच्या मॅच रायफली सिलिंडरवर चालतात, दाब 200 बार. पुण्या-मुंबईत स्कूबाची टाकी भरून मिळते, क्लबात कॉम्प्रेसर असतो. लहान गावात हातपंपावर यावं लागतं, आणि पावसाळ्यात हातपंपानं हवेबरोबर दमटपणाही आत जातो. मी फिल्टर असलेला पंप घेतला, पावसाच्या दिवसांत शक्यतो क्लबातूनच भरून आणतो, आणि आजवर व्हॉल्व्हनं तक्रार केलेली नाही. पंप मारताना घाम निघतो, हे खरं. पण एकदा भरलं की सरावाचे बरेच छरे निघतात.

दुसरी तक्रार कंटाळ्याची. आवाज नाही, वारा नाही, समोर कागद. हे मला पटत नाही. एअर रायफलच्या टार्गेटवर दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. 50 मीटरच्या टार्गेटवर तो दहा मिलिमीटरहून थोडा मोठा. वारा नाही म्हणजे सबबही नाही. छरा नवात गेला तर श्वास, ट्रिगर नाहीतर खांदा, यांपैकीच काहीतरी चुकलं. रात्री जेवणं उरकल्यावर मी घराच्या लांब बोळात, टार्गेटमागे छरे अडवणारा जाड लोखंडी ट्रॅप ठेवून, दार लावून अर्धा तास मारतो. दारामागून कोणी येणार नाही याची खात्री करूनच. नंतर शिशामुळे हात साबणानं धुतो. टू-टू होती तेव्हा सराव म्हणजे सुट्टीचा अख्खा दिवस आणि बालेवाडीचा रस्ता. आता सराव रोजचा आहे, आणि माझे गुण त्यामुळेच वाढले असं मला वाटतं. नोंदवही मी ठेवत नाही, पण क्लबात सोबत मारणाऱ्यांनीही ते बोलून दाखवलंय.

वापरलेली एअर रायफल घेत असाल तर नळीआधी सिलिंडर पाहा. त्यावर तारीख कोरलेली असते, आणि बहुतेक कंपन्या दहा वर्षांची मुदत सांगतात. फाइनवेर्कबाऊ, वाल्थर, श्टायर, अनशुट्झ, यांतलं काहीही असो, मुदत उलटलेला सिलिंडर असेल तर नव्या सिलिंडरची किंमत वजा करूनच बोली करा. भरलेली रायफल रात्रभर ठेवून सकाळी दाबाचा काटा उतरला का ते बघायची परवानगी मागा. जो विकणारा नाही म्हणेल, त्याच्याकडून घेऊ नका. नव्या परदेशी रायफलीला लाखांत मोजावे लागतात, म्हणून क्लबातून क्लबात फिरलेली, कोणीतरी मनापासून वापरलेली रायफल मला जास्त भरवशाची वाटते.

विकण्याचाही विचार आत्ताच करा, कारण हौस बदलते. टू-टू खासगीत विकायची तर घेणाऱ्याकडे त्या शस्त्राचा परवाना हवा, आणि विकायचा इरादा जिल्हाधिकारी कार्यालयाला किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावं लागतं. मी ते सगळं केलं. गिऱ्हाईक चांगलं होतं, दुसऱ्या जिल्ह्यातलं, आणि त्याच्याकडच्या नोंदी होईपर्यंत रायफल माझ्याच कपाटात होती. त्या मधल्या काळात फोन वाजला की पुन्हा जमा करायची वेळ आली की काय, असं वाटायचं. एअर रायफल क्लबात शब्द टाकला की जाते. तिथंही मी घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत आणि सहीचा कागद घेतो, आणि तुम्हीही घ्यावा असं सुचवेन.

वाऱ्याची ओढ असेल, तर त्यावर एक मधला मार्ग आहे. क्लबच्या नावावरची टू-टू रेंजवर सदस्याला मारता येते. गोळ्यांचे पैसे द्यायचे, पालथं पडायचं, झेंड्या वाचायच्या, आणि संध्याकाळी रायफल क्लबच्या शस्त्रागारात परत. मी अजूनही अधूनमधून बालेवाडीला तेच करतो.

राहता तिथून 50 मीटरची रेंज जवळ असेल, वर्षभर स्पर्धांची पत्रं हातात असतील आणि सूट मिळवून देणारा क्लब पाठीशी असेल, तर टू-टू घ्यायला माझा विरोध नाही. तसं असेल तर अर्ज भरण्याआधीच क्लबकडून सदस्यत्वाचं पत्र आणि स्पर्धेचं वेळापत्रक लेखी घेऊन ठेवा. ती दोन पत्रं पडताळणीला लागतात, आणि आचारसंहितेतही तीच कामी येतात.