रानडुक्कर: परवाना घेऊन मारायचं की 'उपद्रवी' ठरवायचं?

भुईमुगात रात्री कळप शिरला की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात यावर दोन वाटा आहेत.

कलम ११ ची वाट राज्याच्या हातात. उभ्या पिकाला धोका असेल तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी नेमलेला अधिकारी लेखी परवानगी देतो. मेलेलं डुक्कर मात्र सरकारी मालमत्ता. अडचण वेळेची: कागद फिरेपर्यंत डुकरं काही थांबत नाहीत! केरळने २०२२ मध्ये हा अधिकार स्थानिक संस्थांच्या प्रमुखांपर्यंत खाली आणला. मला ही युक्ती पटते, कारण निर्णय शेताजवळ येतो आणि नोंदही राहते.

कलम ६२ मध्ये केंद्र सरकार ठरावीक भागात, ठरावीक मुदतीपुरतं जनावर उपद्रवी जाहीर करतं. मग परवाना लागत नाही, मेलेलं जनावरही सरकारजमा होत नाही. उत्तराखंडात २०१६ मध्ये रानडुकरांबाबत असं झालं. वेग आहे, पण मोजदाद कोण ठेवणार? आणि डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या अडकला तर?

बंदुकीचा परवाना दोन्हीकडे वेगळाच लागतो. तो किती जणांकडे असतो?