नडगीला चीर, जानेवारीला दहा आठवडे: पळायचं की थांबायचं?

नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबला की एकाच जागी कळ येते. पोटरी आखडली असती तर दुखणं पसरलं असतं. एमआरआयमध्ये हाडाला बारीक चीर दिसली आणि चार वर्षं मनात धरलेली मुंबईची पूर्ण मॅरेथॉन एकदम लांब गेली.

पहिला पर्याय: सराव कमी करून यंदाच पळायचं. मोह मोठा आहे, कारण उन्हापावसात केलेली मेहनत वाया जाऊ नये असं वाटतं. पण अशी चीर भरायला साधारण सहा ते आठ आठवडे जातात. उरलेल्या दोन ते चार आठवड्यांत ४२.१९५ किलोमीटरची तयारी होत नाही. शिवाय पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर, पाय गळाल्यावर येतो. तिथे लंगडत पळताना चिरेचं पूर्ण फ्रॅक्चर होऊ शकतं. वेदनाशामक गोळी घेऊन उभं राहणं तर सर्वांत वाईट, दुखणं हाच इशारा असतो.

दुसरा: यंदा सोडून पुढच्या वर्षी. डॉक्टरांनी होकार दिला की खोल पाण्यात, कमरेला तरंगता ठेवणारा पट्टा बांधून, तळाला पाय न टेकता धावायचं. दम टिकतो, हाडावर भार येत नाही. कंटाळा मात्र भयंकर. आणि रविवारी पहाटे ग्रुपचे फोटो आले की घशात आवंढा येतो, तो येऊ द्यावा.

मी दुसरा निवडला. त्या दिवशी पेडर रोडवर पाणी वाटायला उभी राहणार आहे.