मेलेल्या लॅपटॉपची स्क्रीन जिवंत करणारा कंट्रोलर बोर्ड: वापरून बघितला, कसा आहे?

मदरबोर्ड गेलेला लॅपटॉप पडून होता पण डिस्प्ले एकदम ठणठणीत, म्हणून हा एलसीडी कंट्रोलर बोर्ड मागवला, एचडीएमआय इनपुटवाला, आणि खरं सांगायचं तर पिक्चर मस्तच येतं, आता तोच पॅनल सेकंड मॉनिटर म्हणून चालतोय. पण घेताना एक गोष्ट डोळ्यात तेल घालून बघा. पॅनलच्या मागच्या स्टिकरवरचा पूर्ण मॉडेल नंबर विक्रेत्याला द्या, कारण जुने पॅनल एलव्हीडीएस असतात, नवे बहुतेक ईडीपी (पॅनलला पिक्चरचा सिग्नल देणाऱ्या जोडणीचे हे दोन प्रकार), आणि एकाचा बोर्ड दुसऱ्याला चालत नाही. नुसतं '१५.६ इंची' सांगून काही होत नाही. बोर्डला १२ व्होल्टचा अडॅप्टर लागतो, लॅपटॉपचा १९ वाला लावायचा मोह टाळा, उगाच धूर निघेल. बटणांची पट्टी मात्र फालतू, मेनूसुद्धा गोंधळाचा. आणि फ्रेम, स्टँड काही मिळत नाही, ते आपलं आपण जुगाड करायचं (मी झाकणाचंच प्लास्टिक ठेवलं, बिजागरं काढून).

त्याच लॅपटॉपची २.५ इंची हार्ड डिस्क यूएसबी ३.० केसमध्ये (डिस्क बाहेरून यूएसबीने जोडायचा डबा) टाकली, ते तर दोन मिनिटांचं काम, वेगळा अडॅप्टरपण नको. बॅटरीच्या सेलच्या नादी मात्र लागू नका, फुगलेली असेल तर सरळ ई-कचऱ्यात द्या. बोर्डला पाचपैकी चार, एक स्टार त्या बटणांनी खाल्ला.