सुपरक्रॉस २०२५ : सतरा फेऱ्या आणि दोन गुणांचा फरक

ज्यांना जुन्या शर्यती निकाल न कळता बघायच्या आहेत त्यांनी इथेच थांबावं, कारण मी निकालापासूनच सुरुवात करतोय. अमेरिकेतल्या सुपरक्रॉस या मोटरसायकल शर्यतींच्या २०२५ च्या हंगामात ४५० सीसीचं विजेतेपद यामाहाच्या कूपर वेबने घेतलं. दुसरा आला केटीएमचा चेस सेक्स्टन. ११ जानेवारीपासून १० मेपर्यंत सतरा फेऱ्या झाल्या आणि शेवटी दोघांत फरक राहिला फक्त दोन गुणांचा. त्यातही शर्यती जास्त जिंकल्या त्या सेक्स्टनने. सगळा हंगाम मला याच गोष्टीसाठी आवडला. ज्यांना हे अन्यायाचं वाटतं त्यांच्याशी मी गॅरेजमध्ये चार महिने भांडलोय, आता इथेही भांडतो.

माझं अमळनेरला टू-व्हीलरचं गॅरेज आहे. परदेशातल्या प्रेक्षकांसाठी असलेला व्हिडिओ पास मी स्वतःच्या पैशाने घेतला, म्हणून हे परीक्षणही मोकळेपणाने लिहितोय.

ज्यांनी हा खेळ बघितलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. फुटबॉल किंवा बेसबॉलच्या स्टेडियममध्ये शेकडो ट्रक माती ओततात, बुलडोझरने उड्या आणि वळणं तयार करतात, रात्री शर्यत घेतात आणि लगेच ती माती उचलून नेतात. मुख्य शर्यतीत २२ रायडर असतात. ४५० सीसीची शर्यत २० मिनिटं आणि वर एक लॅप, म्हणजे ट्रॅकला एक पूर्ण वळसा; २५० ची १५ मिनिटं आणि एक लॅप. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २२, तिसऱ्याला २०. गुणतक्त्यात जो पुढे असेल त्याच्या गाडीला लाल नंबरप्लेट लागते. या प्रकाराची सुरुवात १९७२ साली लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये झाली आणि ती पहिली शर्यत मार्टी ट्राइप्स नावाच्या सोळा वर्षांच्या पोराने जिंकली होती.

आता गाडीचं बघा. स्प्लेंडर सगळ्यांच्या घरी आहे, तिचं वजन ११२ किलो. वेबच्या यामाहाचं वजनही ११० किलोच्या आसपासच. पण स्प्लेंडर आठ अश्वशक्तीची आणि ही पन्नासच्या बरीच वर. पुढचा शॉकप्सर जवळजवळ ३०० मिलिमीटर खाली जातो, म्हणजे एक फूट. माझ्याकडच्या पोरांना मी हा आकडा पट्टीवर दाखवला तेव्हा कुठे त्यांना साठ-सत्तर फूट उडी मारून गाडी मोडत का नाही ते पटलं. यामाहाच्या इंजिनाची आणखी एक गंमत, त्याचं डोकं उलटं बसवलेलं असतं. हवा पुढून आत जाते आणि सायलेन्सरचा पाइप मागच्या बाजूने निघतो. २०१० पासून ते हेच करतायत. टीव्हीवर गाडी हवेत आडवी झाली की ते स्पष्ट दिसतं. मी तिथे व्हिडिओ थांबवतोच.

पण खरी परीक्षा उडीत नसते, व्हूप्समध्ये असते. एकामागे एक मातीचे उंचवटे, कधी नऊ, कधी बारा. नांगरलेल्या काळ्या रानात सऱ्यांना आडवी मोटरसायकल घालून बघा, म्हणजे थोडी कल्पना येईल. तिथे गॅस सोडला की पुढचं चाक खड्ड्यात आणि माणूस हँडलवरून पुढे. गॅस धरून ठेवला तर गाडी नुसत्या टोकांवरून सरकत जाते. सेक्स्टन यात उस्ताद आहे. त्याच्या पाठीचा कणा हलत नाही, गाडी खालून नाचत राहते. वेबला व्हूप्स कधीच तितके जमले नाहीत. तिथे तो मागे पडतो, हे त्याच्या चाहत्यांनाही मान्य आहे.

मग वेब जिंकला कसा? ते बघायला शेवटची पाच मिनिटं बघावी लागतात. पंधरा मिनिटं झाली की बहुतेकांचे हात भरतात, पकड सैल होते, ओळ चुकायला लागते. वेबचा लॅपचा वेळ मात्र तसाच राहतो. तो पुढच्याच्या मागच्या चाकाला चिकटतो आणि त्याला आवाज ऐकवत राहतो. वळणात आतली बाजू दिसली की घुसतो. आणि ज्या रात्री गाडी चालतच नाही त्या रात्री तो तिसरा, चौथा येतो, पडत नाही. चौथ्याला १८ गुण आहेत. सेक्स्टनने हातातल्या शर्यती पडून घालवल्या. तो पडला, उठला, पुन्हा तुफान चालवत वर आला, पण पडल्यावर गेलेले गुण कितीही वेगाने परत येत नाहीत. १७ फेऱ्यांची बेरीज केली तर दोन गुण म्हणजे कुठल्या तरी एका रात्री एक जागा वर-खाली. माझ्या मते विजेतेपद वेबनेच कमावलं, नशिबाने नाही. २०१९, २०२१ आणि आता २०२५. पहिली दोन केटीएमवर, तिसरं यामाहावर. गाडी बदलून पुन्हा जिंकणं किती अवघड आहे ते गॅरेजमध्ये काम करणाऱ्याला विचारा. क्लच वेगळा लागतो, चेसिस वेगळी वाकते, शरीराची सगळी सवय नव्याने लावावी लागते. सेक्स्टननेही २०२३ चं विजेतेपद होंडावर घेतलं होतं, म्हणजे तोही याच वाटेवरचा आहे.

दोष सांगायचा तर मधला भाग पातळ झाला. २०२४ चा विजेता ऑस्ट्रेलियाचा जेट लॉरेन्स ग्लेंडेलच्या फेरीत गुडघ्याची लिगामेंट तुटून बाहेर गेला. तेव्हा फेब्रुवारी नुकताच सुरू झाला होता. पाठोपाठ एली टोमॅकचा पाय दुखावला. तिघांची-चौघांची झुंज बघायला पैसे भरले होते, उरली दोघांची. काही रविवारी पहिल्या दोन वळणांनंतर पुढची यादी मी आधीच सांगत होतो आणि ती तशीच येत होती. 'जेट असता तर' हे वाक्य मात्र मला ऐकवत नाही. न पडता मे महिन्यापर्यंत पोचणं हा या खेळातलाच भाग आहे.

डेटोना मात्र सोन्यासारखी रात्र होती. ही फेरी स्टेडियममध्ये नसते, कार शर्यतींच्या मोठ्या ट्रॅकच्या आतल्या गवताच्या जागेत असते. माती वाळूची, ट्रॅक लांब, चाकोऱ्या खोल. आखणी रिकी कारमायकेलची, जो स्वतः पाच वेळचा विजेता आहे आणि समालोचनही करतो. तिथे जिंकला केन रोक्झेन, सुझुकीवर. या माणसाचा डावा हात २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला असा मोडला होता की पुन्हा गाडी चालवेल का, हाच प्रश्न होता. पुढच्याच वर्षी उजवा हात जायबंदी झाला. आणि त्याची सुझुकी अजून किकवर सुरू होते! बाकी सगळ्यांना बटण आहे. पडल्यावर इतरांनी बटण दाबून निघायचं आणि याने पाय मारत बसायचं. माझ्याकडे बोरीकाठच्या गावातून येणारे एक आबा आहेत, जन्मभर राजदूत चालवली. त्यांना हे सांगितलं तर खुर्ची पुढे ओढून बसले, "मंग हाऊ खरा गडी शे" म्हणाले. तेव्हापासून ते रोक्झेनचे.

डेन्व्हर आणि सॉल्ट लेक सिटी या शेवटच्या दोन फेऱ्या मेकॅनिकने बघाव्यात अशा. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटरवर आहे, सॉल्ट लेक १३०० च्या आसपास. आपलं तोरणमाळ साधारण ११५० मीटर. ज्यांनी जुनी कार्बोरेटरची गाडी शहाद्याकडून तोरणमाळला चढवली आहे त्यांना माहीत आहे, वर गेलं की इंजिन गुदमरतं, प्लग काळा होतो. हवा विरळ झाली, पेट्रोल तितकंच राहिलं. या गाड्यांना इंजेक्शन आहे, त्यामुळे पेट्रोल आपोआप कमी होतं, पण गेलेली ताकद परत येत नाही. उडीच्या आधी जिथे सखल भागातल्या ॲनाहाइमला गिअर न बदलता चाललं असतं तिथे रायडर क्लचला बोट लावताना दिसतो. समालोचक हे एखाद्या वाक्यात सांगून मोकळे होतात. मला अर्धा तास ऐकायला आवडलं असतं.

शेवटची फेरी आपल्याकडे ११ मेच्या रविवारी सकाळी आली. सखाराम महाराजांच्या यात्रेचे दिवस, गावात पाहुणे, गॅरेजसमोर गाड्यांची रांग. सेक्स्टनला जिंकावं तर लागणारच होतं, वर वेब मागे पडायला हवा होता. सेक्स्टन जिंकला. त्याच्याकडून जे होण्यासारखं होतं ते सगळं त्याने त्या रात्री केलं. वेबने फक्त लागणारे गुण सोडले नाहीत. माझा एक पोरगा सेक्स्टनचा, त्याने पाना खाली ठेवला आणि बराच वेळ बोलला नाही. दुसऱ्याने त्याला चहा आणून दिला.

२५० चा गट बघताना नवीन माणूस गोंधळतो. पूर्व आणि पश्चिम अशा दोन वेगळ्या मालिका असतात. २०२५ मध्ये पश्चिमेचा विजेता हेडन डीगन, पूर्वेचा फ्रान्सचा टॉम व्हिएल, जो आधी दोनदा एमएक्स२ चा, म्हणजे मोकळ्या रानातल्या मोटोक्रॉसच्या २५० सीसी गटाचा, जगज्जेता झालेला आहे. डीगनचा वेग बघण्यासारखा आहे, त्याची दुसऱ्यांना धक्का देण्याची पद्धत मला पटत नाही. व्हिएलची सुरुवात बघा. गेट पडायच्या आधी पुढचा फोर्क दाबून एका खिट्टीत अडकवलेला असतो, म्हणजे पुढचं चाक उचलत नाही. पहिल्या ब्रेकला खिट्टी आपोआप सुटते. तो गेटवरून असा निघतो की बाकीचे उभेच आहेत असं वाटतं.

आता पासबद्दल. पैसे डॉलरमध्ये कापले जातात, म्हणून कार्डवर परदेशी व्यवहार आधी सुरू करून घ्या. माझ्या बँकेत त्यासाठी दोन चकरा झाल्या. पश्चिम किनाऱ्याची फेरी असेल तर आपल्याकडे रविवारी उजाडल्यापासून नाश्त्यापर्यंत सगळं आटोपतं. पूर्वेची असेल तर पहाटे उठावं लागतं, आणि मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली की आणखी एक तास आधी. मी थेट बघतो. ज्यांना झोप प्यारी त्यांच्यासाठी पूर्ण शर्यत नंतरही उपलब्ध असते, फक्त तोपर्यंत मोबाइल उघडू नका. समालोचन इंग्रजीत. माझा भाचा गरजेपुरतं सांगतो, पण पोरांना दोन-तीन फेऱ्यांनंतर त्याची गरज उरली नाही. घड्याळ, लॅपचे वेळ आणि अंतर पडद्यावर असतं, ते कुठल्याही भाषेत कळतं. चित्र उत्तम आहे. अडचण येते ती आपल्या इंटरनेटची. एप्रिलमध्ये दुपारी लाइट जाते तशी कधी पहाटेही गेली, आणि मुख्य शर्यतीच्या मधेच पडदा काळा. इन्व्हर्टरवर राउटर जोडून घ्या, हे मी मनापासून सांगतो.

जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात बालेवाडीला इंडियन सुपरक्रॉस लीगची फेरी झाली तेव्हा मी गेलो होतो. तिथे परदेशी रायडर डोळ्यांसमोर उडताना बघितले. टीव्हीवर दोन गोष्टी येत नाहीत, हे तेव्हाच कळलं. एक उडीची उंची. कॅमेरा ती निम्मी करून टाकतो. दुसरा आवाज, जो कानापेक्षा छातीत जास्त ऐकू येतो. म्हणून जळगाव-धुळ्याच्या पोरांना माझं सांगणं आहे, पुढची फेरी पुण्यात लागली तर पास घेण्याआधी ते तिकीट घ्या. रात्रीच्या गाडीने परत येता येतं.

आणि पास घेतलाच तर पहिल्या फेरीपासून ओळीने बघत बसू नका. आधी डेटोना बघा, मग डेन्व्हर, मग सॉल्ट लेक. वेब आणि सेक्स्टन ओळखीचे झाले की जानेवारीकडे परत या. पहिल्यांदा बघताना नजर पुढच्या गाडीवर असते, ती काढून व्हूप्समध्ये मागच्या चाकावर ठेवा. गाडी शिकणाऱ्याला तिथे जितकं दिसेल तितकं कुठल्या वर्गात दिसणार नाही. माझ्याकडे रविवारी सकाळी कुणी आलं तर बसायला स्टूल आहे, चहा समोरच्या टपरीवरून येतो. फक्त मुख्य शर्यत सुरू असताना पंक्चर घेऊन येऊ नका, वीस मिनिटं आणि एक लॅप थांबावं लागेल.