केबल की हायड्रॉलिक? कोल्हापूरकरांनी डिस्क ब्रेक निवडताना

कोल्हापुरात सायकल घेणारा माणूस चालवणार कुठे, हे आधी विचारायला हवं. रंकाळ्याला फेरी, शाहूपुरीत कामाला जाणं-येणं, एवढंच असेल तर केबलचा डिस्क ब्रेक भरपूर झाला. दर रविवारी पन्हाळा किंवा जोतिबा असेल तर प्रश्न खरा सुरू होतो, कारण पन्हाळ्यावरून शहरात येताना सुमारे चारशे मीटर उतरावं लागतं.

डिस्क ब्रेकमध्ये चाकाच्या मध्यावर बसवलेली धातूची चकती, म्हणजे डिस्क, दोन पॅड दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. केबल ब्रेकमध्ये जोर तारेनं जातो. बहुतेक स्वस्त ब्रेकमध्ये एकच पॅड हलतो. तो डिस्कला किंचित वाकवून पलीकडच्या पॅडवर टेकवतो. पॅड झिजले की लिव्हर (बोटांनी दाबायचा ब्रेकचा दांडा) हँडलला टेकायला लागतो आणि मग पॅड हातानं जवळ आणावे लागतात. काम पाच मिनिटांचं, पण विसरलात तर उतारावर आठवण होते. आऊटरमध्ये, म्हणजे तारेवरच्या नळीत, चिखल गेला की तार जड चालते. याचा मोठा गुण म्हणजे वाटेत काही झालं तर साधा सायकलवालाही तार बदलून देतो.

हायड्रॉलिकमध्ये नळीतलं तेल दोन्ही पॅड ढकलतं आणि झीज आपोआप भरून काढतं. एका बोटानं ब्रेक लागतो. करूळ घाटात वैभववाडीकडे उतरताना हे सुख काय असतं, ते हाताला गोळे आलेल्यालाच कळेल. पण हवा शिरली की लिव्हर मऊ पडतो आणि ब्लीड करावं लागतं, म्हणजे ती हवा काढावी लागते, त्याला किट आणि सवय दोन्ही लागतात. इथे एक गोष्ट फार कळकळीनं सांगतो. शिमानो, मागुरा यांच्या ब्रेकना मिनरल ऑइल लागतं. मोटरसायकलच्या गॅरेजमध्ये असतं ते डॉट, हे वेगळ्या प्रकारचं ब्रेकचं तेल. मिनरलच्या ब्रेकमध्ये डॉट घातलं की आतले रबर सील खराब होतात. लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुणालाही बाटली उघडू देऊ नका. स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना मात्र डॉटच चालतं. ते हवेतली ओल शोषतं, म्हणून ठरावीक काळानं बदलावं लागतं. सायकलच्या रंगावर सांडलं तर रंगही खातं.

माझं मत विचाराल तर महिन्यातून दोनदा तरी घाट असेल तर हायड्रॉलिक घ्या. बजेट कमी असेल तर दोन्ही पॅड हलणारा चांगला केबल ब्रेक घ्या. नावापुरत्या स्वस्त हायड्रॉलिकपेक्षा तो परवडला.

खरं तर पॅडकडे आपलं लक्षच नसतं. गगनबावड्याच्या पावसात माझे रेझिनचे (राळेचे, मऊ) पॅड एका फेरीत पार संपले. तांबड्या चिखलातली बारीक वाळू त्यांना कानशीसारखी घासते. तेव्हापासून जूनच्या आधी मेटल पॅड बसवतो. ते जास्त टिकतात, मात्र आवाज करतात आणि थंड असताना उशिरा पकडतात. डिस्कवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं असेल तर मेटल घालू नका, डिस्क झिजेल. शिमानोच्या पॅडचं घासणारं अस्तर अर्ध्या मिलिमीटरवर आलं की बदलायचे. वजन जास्त असेल तर पुढे १६० ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क बरी, फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) चालत असेल तरच.

नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या रस्त्यावर वीस-तीस वेळा वेग घेऊन, पूर्ण न थांबता, ब्रेक दाबा. त्याशिवाय थेट घाट उतरू नका. उतारावर ब्रेक धरून ठेवू नका; जोरात दाबा, सोडा. चेनला तेल मारताना डिस्कवर फडका टाका, कारण एक थेंब पडला तरी पॅड वाया जातो. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. आणि गाडीत घालायला चाक काढलंत तर हायड्रॉलिकचा लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात, चाक परत बसत नाही. चुकून दाबला गेला तरी तसं होऊ नये म्हणून पॅडांच्या मध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा ठेवला तरी काम होतं.