अमेरिकन वक्त्यासाठीचं छोटं अनुदान: पुण्यातल्या संस्थांनी कसं वापरावं

परदेशात जाऊन व्याख्यान, कार्यशाळा किंवा मैफल करणाऱ्या अमेरिकन तज्ज्ञांना आणि कलावंतांना अमेरिकेचं परराष्ट्र खातं छोटी अनुदानं देतं. महाराष्ट्रापुरतं हे काम मुंबईचा अमेरिकन वाणिज्य दूतावास पाहतो. योजना मनापासून चांगली आहे. पण पुण्यातल्या अनेक संस्था अर्ज स्वतःच्या नावाने करतात आणि तिथेच अडकतात. अनुदान वक्त्याच्या नावावर जाऊ द्यावं आणि संस्थेने फक्त यजमान व्हावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. वक्त्यासाठी आम्ही या योजनेला पाचपैकी चार गुण देऊ, संस्थेसाठी दोनच.

दोनच, कारण एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा आपला कायदा. परदेशी सरकारचा पैसा ट्रस्टच्या खात्यात घ्यायचा तर 2010 च्या या कायद्याखाली नोंदणी लागते, नाहीतर त्या कामापुरती पूर्वपरवानगी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर तिचे 15 लाख रुपये खर्च झालेले हवेत. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच उतरतात. ‘अमक्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी आहे, त्यांच्या नावावर घेऊ, मग आपल्याकडे वळवू’ असा तोडगा कार्यकारिणीच्या बैठकीत हमखास निघतो. 2020 च्या दुरुस्तीने तो बंद केलाय. असे पैसे दुसऱ्या संस्थेला देताच येत नाहीत.

शिवाय संस्थेला सॅम या अमेरिकन सरकारच्या संकेतस्थळावर नोंदणी करून यूईआय हा संस्थेचा ओळख क्रमांक मिळवावा लागतो आणि ती नोंदणी दरवर्षी नवी करावी लागते. अर्ज रखडतो तो इथेच, नावापत्त्यावर. धर्मादाय आयुक्तांचं प्रमाणपत्र मराठीत, पॅनवर नाव वेगळ्या इंग्रजी स्पेलिंगने, वीजबिलावर जुना पत्ता. स्वल्पविरामासकट सगळं एकसारखं करून घ्या, मगच नोंदणीला हात घाला.

वक्ता व्यक्ती म्हणून अर्ज करतो तेव्हा हे काही लागत नाही. एसएफ-424-आय हा व्यक्तींसाठीचा फॉर्म, प्रस्ताव, डॉलरमधलं अंदाजपत्रक आणि यजमान संस्थेचं पत्र एवढ्यावर बरंचसं भागतं. पत्रात मोघम ‘स्वागत आहे’ लिहू नका. तारीख, सभागृह, किती श्रोते, दुभाषी कोण देणार, मुंबई विमानतळावरून पुण्याला आणायची गाडी कोणाची, हे सगळं येऊ द्या. नवी पेठेतलं एस. एम. जोशी सभागृह धरणार असाल तर आधी तारीख पक्की करा.

तिकिटाकडे डोळ्यांत तेल घालून पाहा. पैसा अमेरिकन सरकारचा असेल तर, थोडे अपवाद सोडता, प्रवास अमेरिकन विमान कंपनीने किंवा तिच्या कोडवर विकलेल्या सहयोगी विमानानेच करावा लागतो. तिकिटावर उड्डाण क्रमांकाआधी यूए (युनायटेड), डीएल (डेल्टा) किंवा एए (अमेरिकन एअरलाइन्स) अशी अक्षरं दिसली पाहिजेत. स्वस्त पडतं म्हणून आखाती कंपनीचं तिकीट काढलं की तो खर्च नामंजूर होतो आणि वक्त्याच्या खिशातून जातो.

प्रस्तावात अमेरिकेशी असलेला धागा ठळक हवा. राजकीय प्रचार, धार्मिक कार्य, निधीसंकलन, बांधकाम आणि वैज्ञानिक संशोधन यांना पैसे मिळत नाहीत. विज्ञानावरचं जाहीर व्याख्यान मात्र चालतं. निवड झाली तरी निधी उपलब्ध असेल तरच पैसे मिळतात, म्हणून मंजुरीपत्रावर सह्या होईपर्यंत निमंत्रणपत्रिका छापू नका. छापाल तेव्हा फलकावर आणि पत्रिकेवर अमेरिकन झेंडा लागतो.

श्रोत्यांची चिंता पुण्यात नको. 1875 पासून वसंत व्याख्यानमाला ऐकणारं हे गाव आहे. पण इंग्रजी व्याख्यानाला ठरावीकच चेहरे येतात. मराठी दुभाष्याचं मानधन अंदाजपत्रकात आधीच मागा, नंतर वाढवून मिळणं अवघड.

पुण्यातल्या कलावंताला परदेशी पाठवायचं असेल तर ही योजना नव्हे. त्यासाठी 1950 साली स्थापन झालेली भारतीय सांस्कृतिक संबंध परिषद आहे आणि तिचं प्रादेशिक कार्यालय पुण्यातच आहे.

एवढं वाचूनही संस्थेच्या नावावरच अनुदान घेणार असाल, तर लक्षात ठेवा, अनुदानाची मुदत संपल्यापासून 120 दिवसांत अंतिम अहवाल द्यावा लागतो. हजेरीचा कागद, छायाचित्रं आणि प्रत्येक पावती कार्यक्रमाच्या रात्रीच एका फायलीत लावा.